राजीखुशीने, अक्कलहुशारीने

सांगलीहून माझी भाची न्यू जर्सीत शिकायला आली, त्याला वर्ष होऊन गेलं. विषय सार्वजनिक आरोग्य. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही दोघी बसने न्यूयॉर्कला गेलो, पोर्ट ऑथॉरिटीच्या स्थानकातून बाहेर पडलो आणि बेचाळिसाव्या रस्त्याला लागलो. न्यू ॲम्स्टरडॅम थिएटरपाशी लेकुरवाळ्यांची ही रांग! डिस्नेचं नाटक होतं. मी सहज बोलून गेले, "मी इथे नोकरीला यायचे तेव्हा या फुटपाथवरून मान खाली घालून चालायचे. दोन्ही बाजूंना पीप शो आणि ब्ल्यू फिल्मची थिएटरं."

"आणि आत काय असायचं ते कधी पाहिलंस?"

"पाहिलं ना. सहलीने गेले होते."

ती जागच्या जागी थांबली. मग मला सगळं सांगावं लागलं. १९७९ मध्ये या शहरात ‘विमेन अगेन्स्ट पोर्नोग्राफी’ नावाची संघटना निघाली. सुझन ब्राउनमिलर, ग्लोरिया स्टायनम, अँड्रिया ड्वॉर्किन अशी मातबर नावं तिच्या भोवती होती. नवव्या ॲव्हेन्यूवर त्यांचं कार्यालय होतं. तिथून त्या बायकांना गटागटाने टाइम्स स्क्वेअरच्या दुकानांतून फिरवून आणत. बाईचं काय करून ठेवलंय ते बाईने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, हा हेतू. १९८२ च्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर मीही गेले. आठवतं ते एवढंच की आम्ही बायका आत शिरताच गिऱ्हाइकं भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि गल्ल्यावरचा माणूस आमच्यावर ओरडायला लागला. बाहेर आल्यावर टेबलावरच्या निवेदनावर मी सही केली.

"म्हणजे तू आमच्या बाजूची!"

"होते. दोन वर्षं."

या विषयावर आत्याने डोळे वटारायचे आणि भाचीने बंड करायचं, अशी वाटणी वाचकाच्या मनात आधीच झाली असेल. आमच्यात ती उलटी आहे. मी स्वतःला इकडच्या भाषेत ‘सेक्स-पॉझिटिव्ह’ म्हणवणाऱ्या स्त्रीवाद्यांतली समजते. हा शब्द मराठीत आणायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. जो करावा तो एक तर आयुर्वेदाच्या जाहिरातीसारखा वाटतो, नाही तर विद्यापीठाच्या परिपत्रकासारखा. भाची मात्र पोर्न या शब्दानेच पेटते. आमच्याच घरात असं घडतं असंही नाही. ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या अमिया श्रीनिवासन यांना वाटलं होतं, सत्तरच्या दशकातले पोर्नविरोधी लेख आजच्या मुलांना जुनाट वाटतील. मुलं उलट त्या लेखांच्या बाजूने बोलायला लागली, असं त्यांनी २०२१ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय. मला त्याचं नवल वाटत नाही. आमच्यासाठी तो प्रकार एका रस्त्यावर होता आणि तो रस्ता टाळता येत होता. यांच्या तो उशाशी होता, फोनमध्ये.

"मुलगे एखाद्या मुलीशी धड दोन वाक्यं बोलायच्या आधी शेकडो क्लिप्स बघून बसलेले असतात," भाची म्हणाली. "त्यांना वाटतं बाई अशीच असते. हळूहळू आम्हालाही वाटायला लागतं की आपण असंच असायला हवं. यात माझी मर्जी म्हणजे नेमकं काय उरतं, आत्या?"

यावर मी गप्प बसले. अजूनही या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

ब्रायंट पार्कात हिरव्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बसल्यावर तिने पुन्हा विचारलं, "दोन वर्षं, आणि मग काय झालं?"

मग झालं ते इंडियानापोलिस. १९८३ च्या शेवटी ड्वॉर्किन आणि कायद्याच्या प्राध्यापक कॅथरिन मॅकिनन यांनी मिनियापोलिस शहरासाठी एक कायदा लिहून दिला. त्यात पोलीस, धाडी, जप्ती यांवर भर नव्हता. पोर्नमुळे जिचं नुकसान झालं त्या बाईने स्वतः कोर्टात जाऊन भरपाई मागायची. पोर्न हा स्त्रीच्या नागरी हक्काचा भंग मानायचा. नगर परिषदेने तो मंजूर केला, महापौर डोनाल्ड फ्रेझर यांनी नाकारला. पुढच्या वर्षी तोच मसुदा इंडियानापोलिसला गेला. कल्पना हुशारीची होती, असं मला आजही वाटतं. पण तिथे तो पुढे रेटला कुणी? ब्यूला कॉगेनॉर या नगरसेविकेने. राज्यघटनेत स्त्रियांच्या समान हक्कांची दुरुस्ती होऊ नये म्हणून ज्यांनी काम केलं होतं, त्यांतली ही बाई.

"बाईने समान हक्क मागू नयेत असं ज्यांना वाटत होतं, ते एका रात्रीत बाईच्या अब्रूचे राखणदार झाले," मी म्हटलं. "पेपरात ते वाचलं आणि मला र. धों. कर्वे आठवले."

"इथे कर्वे कुठे आले?"

"अश्लीलतेच्या आरोपीच्या पिंजऱ्यात. ‘समाजस्वास्थ्य’साठी. १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी शिक्षा झालीच, दोनशे रुपये दंड. आणि इथे अमेरिकेत १८७३ चा कॉमस्टॉकचा कायदा होता. अश्लील मजकूर टपालाने पाठवायला बंदी, आणि गर्भनिरोधनाची माहितीही त्या अश्लीलात. मार्गारेट सँगरवर १९१४ मध्ये खटला भरला तो त्याच कायद्याखाली. तिला देश सोडून इंग्लंडला पळावं लागलं."

"थांब, थांब. कर्वे संततिनियमनावर लिहीत होते. त्यांना पोर्न विकणाऱ्यांच्या रांगेत बसवू नकोस."

"मी नाही गं बसवलं. सरकारी वकिलाने बसवलं होतं. त्याला त्या दोहोंत फरक दिसला नाही, आणि कायदा त्याच्या हातात होता. ड्वॉर्किनच्या हातात नव्हता."

हे तिला थोडं लागू पडलं असावं, कारण तिने विषय कोर्टाकडे वळवला. इंडियानापोलिसच्या कायद्याविरुद्ध पुस्तकविक्रेत्यांची संघटना कोर्टात गेली. तेव्हा एका स्त्रीवादी गटानेही त्या कायद्याविरुद्ध निवेदन दिलं. नॅन हंटर आणि सिल्व्हिया लॉ यांनी ते लिहिलं होतं आणि सह्या करणाऱ्यांत बेटी फ्रीडन, केट मिलेट, एड्रिएन रिच होत्या. म्हणजे ज्यांची पुस्तकं वाचून आम्ही बायका म्हणून उभ्या राहिलो त्याच. कायदा आधी जिल्हा न्यायालयात पडला, १९८५ मध्ये अपिलात पडला, १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही उभा राहिला नाही. अपिलाच्या निकालात न्यायमूर्ती ईस्टरब्रुक यांनी मान्य केलं की अशा चित्रणाने स्त्रीचं दुय्यमत्व पोसलं जातं. पण त्यावरून अभिव्यक्तीची ताकदच दिसते, म्हणून तिला संरक्षण.

"म्हणजे अपाय होतो हे खरं, म्हणूनच चालू द्या? कमाल आहे!"

"तो घास मलाही गिळवला नव्हता. पण ज्या हातात सुरी द्यायची ते हातही बघावे लागतात."

भांडण तेव्हा फार हीन पातळीला गेलं होतं, हेही मी तिला सांगितलं. २४ एप्रिल १९८२ ला बर्नार्ड कॉलेजात स्त्रियांच्या लैंगिकतेवर परिषद भरली. कॅरोल व्हान्स मुख्य संयोजक. सुमारे आठशे बायका आल्या होत्या. दारात पोर्नविरोधी बायका टी-शर्ट घालून उभ्या, आतल्या बायकांची नावं घेऊन पत्रकं वाटत होत्या. त्याआधीच तक्रारी जाऊन कॉलेजने परिषदेची पुस्तिका जप्त केली होती. बाईला सुख कशात वाटतं यावर बायकांनी बोलायचं, आणि ते बायकांनीच बंद पाडायला बघायचं. मी त्या शनिवारी घरी तान्ह्या मुलाला घेऊन बसले होते. कळलं ते बऱ्याच महिन्यांनी.

आता भाचीने फोन काढला आणि माझ्यासमोर ठेवला. सॅन डिएगोच्या खटल्याची बातमी होती. मला माहीत होता तो खटला, तरी मी तिला बोलू दिलं.

"‘गर्ल्स डू पोर्न’ नावाची साइट. कॉलेजच्या वयाच्या मुलींना मॉडेलिंगची जाहिरात देऊन बोलवायचं. आल्यावर खरं काम सांगायचं. व्हिडिओ इंटरनेटवर कधीच येणार नाही, फक्त परदेशात डीव्हीडी विकल्या जातील, असं वचन द्यायचं. खात्री करून द्यायला आधी काम केलेल्या म्हणून पैसे देऊन आणलेल्या मुली फोनवर बोलायच्या. मग हॉटेलच्या खोलीत घाईघाईने कागद पुढे करायचे, कित्येकींना आधी दारू पाजून. महिन्याभरात व्हिडिओ सगळीकडे. आईवडिलांना, कॉलेजात, ऑफिसात. आणि प्रत्येकीची सही आहे, आत्या. कॅमेऱ्यासमोर ‘मी स्वखुशीने करतेय’ असं बोलणंही आहे."

मला एकदम आपल्या खरेदीखतांची भाषा आठवली. ‘राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, नशापाणी न करता लिहून दिले असे.’ मी ते म्हणून दाखवलं.

"नशापाणी न करता!" ती हसलीच. "म्हणजे आपल्या कारकुनांना सगळं माहीत होतं."

"माहीत होतं म्हणून तर लिहावं लागलं. जिथे खरोखर राजीखुशी असते तिथे ती लिहून घेत नाहीत. भावाला ओवाळताना कुणी लिहून घेतं का?"

त्या बावीस मुली नावं गुप्त ठेवून लढल्या. जानेवारी २०२० मध्ये न्यायाधीशांनी त्यांना सव्वाशे लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: व्हिडिओंचे हक्कही त्यांनाच दिले. मुख्य सूत्रधार मायकल प्रॅट पळाला, स्पेनमध्ये सापडला, आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली.

"आता हे बघ," मी म्हटलं, "त्या जिंकल्या त्या अश्लीलतेच्या कायद्याने नाही. फसवणुकीच्या कायद्याने जिंकल्या. व्हिडिओ घाणेरडे आहेत की नाहीत यात न्यायाधीश शिरलेच नाहीत. या मुलींना काय सांगितलं आणि काय केलं, एवढंच पाहिलं. मी हेच म्हणत आलेय."

"जिंकल्या म्हणजे काय? तो व्हिडिओ आजही कुणाच्या ना कुणाच्या संगणकात असेल. एकदा ‘हो’ म्हटलं की जन्मभर ‘हो’. तुमच्या काळी सिनेमाची रिळं तरी कुजायची."

हे तिचं म्हणणं मी मान्य केलं. रिळं कुजत होती हा आमचा मोठा आधार होता, तो आम्ही कधी हिशेबात धरला नाही.

पण मग मी तिला लिंडाची गोष्ट सांगितली. लिंडा बोरमन, पडद्यावरची लिंडा लव्हलेस. १९७२ चा ‘डीप थ्रोट’ याच शहरात गाजला, सभ्य घरची जोडपी रांगा लावून बघायला गेली. १९८० मध्ये तिने आत्मचरित्रात लिहिलं की नवऱ्याने मारून, धाकात ठेवून तिच्याकडून ते करवून घेतलं. सिनेमाचे साडेबाराशे डॉलरही त्यानेच घेतले. लोक काय म्हणाले असतील? पडद्यावर तर खूश दिसत होतीस! तिच्या अंगावरचे वळ त्याच पडद्यावर दिसत होते, पण तिकडे बघायला कुणी गेलंच नव्हतं. तिच्यावर विश्वास ठेवला तो ड्वॉर्किन, स्टायनम यांनी. तेवढ्यापुरतं मी त्यांना आजही नमस्कार करते. मात्र पुढे लिंडाने असंही म्हटलं की या चळवळीनेही आपला वापर करून घेतला.

"आणि कँडिडा रॉयाल. तिची तर दोन्हीकडून अडचण. सत्तरच्या दशकात तिने अशा सिनेमांत काम केलं, मग १९८४ मध्ये स्वतःची ‘फेम’ नावाची कंपनी काढली. बायकांना बघावंसं वाटेल, नवरा-बायकोला एकत्र बघता येईल असे व्हिडिओ करायचे म्हणून. ती ‘मी माझ्या मर्जीने केलं’ म्हणाली की पोर्नविरोधी बायका म्हणणार, बिचारीला कळत नाही. आणि धंद्यातले पुरुष म्हणणार, बाईला यातलं काय कळतंय."

"तू पाहिलास तिचा एखादा?"

"एकदा. व्हिडिओच्या दुकानात मागच्या खोलीला मण्यांचा पडदा असायचा. काका गेले होते आत, मी दारात उभी राहून लाजले. घरी लावला. अर्ध्यात मी इस्त्री करायला उठले."

भाची इतकी हसली की शेजारच्या बाकावरच्या माणसाने वळून पाहिलं. मला तिला हेच सांगायचं होतं, की या सगळ्याचा बचाव करणाऱ्या बाईला ते आवडलंच पाहिजे असं नाही. रॉयाल २०१५ मध्ये वारली. तिच्या रोजनिशा आता हार्वर्डच्या श्लेसिंगर ग्रंथालयात आहेत आणि जेन कामेन्स्की या इतिहासकार बाईने त्यांवरून तिचं चरित्र लिहिलंय. त्यात उमेद आहे, पैशाची ओढाताण आहे, दुःख आहे, हट्ट आहे. थोडक्यात, कुठल्याही नोकरदार बाईच्या रोजनिशीत असतं ते सगळं.

"लिंडाचं ‘नाही’ कुणी ऐकलं नाही आणि रॉयालचं ‘हो’ कुणी ऐकलं नाही," मी म्हटलं. "या कामातल्या बाईचं ‘हो’ खोटं मानायची एकदा सवय झाली की तिचं ‘नाही’सुद्धा कुणी खरं मानत नाही. स्टॉर्मी डॅनियल्स २०२४ मध्ये मॅनहॅटनच्या कोर्टात साक्षीला उभी राहिली, तेव्हा उलटतपासणीत तिला काय सुचवलं? तुम्ही तसले सिनेमे लिहिता, म्हणजे बनावट गोष्टी रचायची तुम्हाला सवयच."

"त्यावर ती म्हणाली होती ना, रचायचीच असती तर मी बरी रचली असती?"

"अशाच अर्थाचं. पोरीत दम आहे."

पण भाची हार मानणाऱ्यातली नाही. तिचा पुढचा मुद्दा पैशाचा. गरजेपोटी केलेल्या कामाला निवड म्हणायचं का? ‘ओन्लीफॅन्स’वरच्या मुली स्वतःच्या मालकीण असल्याचं सांगतात, कंपनी मात्र प्रत्येक डॉलरमागे वीस सेंट कापते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्या कंपनीने एका घोषणेने सगळा तसला मजकूर बंद करायचं ठरवलं आणि आठवड्याच्या आत निर्णय फिरवला. मालकिणींना कुणी विचारलं होतं?

"नव्हतं विचारलं," मी म्हटलं. "तसंच त्यांच्या भल्यासाठी कायदे करणाऱ्यांनीही नव्हतं विचारलं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात प्रस्ताव क्रमांक ६० मताला आला. चित्रीकरणात कंडोम सक्तीचा, आणि नियम मोडला तर कुणीही नागरिक दावा लावू शकेल. ऐकायला किती चांगलं! विरोध कुणी केला? त्या कामातल्या नट्यांनीच. दावा लागला की आपलं खरं नाव, राहता पत्ता कुठल्याही विकृताच्या हाती जाईल, हे त्यांना कळत होतं. प्रस्ताव पडला. दोन वर्षांनी वॉशिंग्टनने मानवी तस्करीच्या नावाखाली आणखी एक कायदा केला. सिनेटमध्ये ९७ विरुद्ध २. ज्या साइटवर बायका गिऱ्हाइकाची आधी चौकशी करून घेत, धोकादायक माणसांची नावं एकमेकींना कळवत, त्या बंद पडल्या. आणि त्याच वॉशिंग्टनने आपल्या सांगलीला काय केलं होतं?"

हे तिला माहीत होतं, माझ्याहून जास्त. २००३ पासून अमेरिकेचा नियम होता की एड्सविरोधी कामाला पैसे हवेत तर संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची प्रतिज्ञा लिहून द्यायची. सांगलीच्या ‘संग्राम’ने, मीना शेषूंच्या संस्थेने, २००५ मध्ये तसं लिहून द्यायला नकार दिला आणि अमेरिकेचा पैसा सोडला. ज्या बायकांबरोबर काम करायचं त्यांच्याच विरोधात सही कशी करणार? ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’च्या बायका तोवर वर्षानुवर्षं आपल्याच वस्त्यांत कंडोम वाटत होत्या. २०१३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती प्रतिज्ञा अमेरिकन संस्थांपुरती रद्द केली. परदेशी संस्थांना मात्र ते संरक्षण नाही, हे २०२० मध्ये स्पष्ट केलं. सांगलीच्या बायकांना अमेरिकेच्या राज्यघटनेतला अभिव्यक्तीचा हक्क लागू नाही. अमेरिकेच्या अटी तेवढ्या लागू.

"बरं, पण एक सांगू?" भाची म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "सांगलीच्या गोकुळनगरात त्या वस्तीतल्या बायका एकत्र बसतात. कुणी जास्त त्रास दिला तर दहाजणी जाऊन दारात उभ्या राहतात. ‘आमच्या मर्जीने’ असं त्या म्हणतात तेव्हा त्या ‘आमच्या’ला वजन असतं. वसतिगृहाच्या खोलीत दार लावून फोनसमोर बसलेल्या मुलीच्या मागे कोण आहे? तिला कुणाशी बोलायचं तर तो गिऱ्हाईक. तुमच्या त्या मर्जीला एकटीने किती दिवस पेलायचं?"

मी या प्रश्नाची वाट इतकी वर्षं बघत होते असं वाटलं. १९८३ मध्ये याच शहरात रॉयाल, ॲनी स्प्रिंकल, व्हेरोनिका हार्ट, ग्लोरिया लेनर्ड, व्हेरोनिका व्हेरा अशा पाचसहाजणी स्प्रिंकलच्या घरी जमायला लागल्या. मिळकत, बाळंतपण, घटस्फोट, हे काम सोडायचं की नाही, सगळं एकमेकींशी बोलायच्या. घराच्या नंबरावरून गटाचं नाव पडलं ‘क्लब ९०’. वर्षानुवर्षं तो टिकला. मी भाचीला ते सांगितलं आणि म्हटलं, "तू म्हणतेस ते खरं आहे. इंडियानापोलिसपेक्षा मला असे क्लब हवे होते. ते निघाले पाच बायकांपुरते."

ती बराच वेळ कबुतरांकडे बघत होती. मग अचानक म्हणाली, "आत्या, आपल्या विश्रामबागच्या घराचं हक्कसोडपत्र तू बाबांना करून दिलंस ना?"

"हो. शहाण्णव साली. पंधरा दिवसांच्या रजेवर आले होते."

"काय लिहिलं होतं त्यात?"

काय लिहिणार? निबंधक कार्यालयात वकिलांनी भराभरा वाचलं होतं. मी बोट ठेवलेल्या ठिकाणी सह्या करत गेले. दादाने बाहेर चहा सांगितला होता, येताना भडंगाचा पुडा घेतला होता. आईने त्या दिवशी माझ्या आवडीची पुरणपोळी केली होती.

"राजीखुशीने, अक्कलहुशारीने," मी म्हटलं.

"आणि नाही म्हणाली असतीस तर?"

"तर तू मला आत्या म्हणून हाक मारली असतीस की नाही, कोण जाणे."

"मग ते राजीखुशीने नव्हतं."

"होतं गं. दादाला घर मिळावं असं मला खरंच वाटत होतं. आणि माहेर तुटायची भीतीही खरी होती. दोन्ही एकाच सहीत होतं."

"नंतर बाबांनी तुला कधी विचारलं? की बाई, अजूनही तसंच वाटतं का?"

"नाही."

"विचारायला हवं होतं," ती म्हणाली आणि माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून उठली. आमची बस चार वाजून दहाची होती.